तेवीस वर्षे की दोन? जमिनीखालच्या पाण्याचे गणित आणि आपण

मैत्रिणींनो, पाण्याच्या प्रदूषणावर सरकारी बैठकीला जाऊन आलेल्या कार्यकर्तींना एक दृश्य ओळखीचे असेल. खोलीत अंधार केला जातो आणि पडद्यावर रंगीत नकाशा येतो. मध्ये लाल डाग, भोवती पिवळा, कडेला हिरवा. हातात काठी घेतलेले साहेब सांगतात, विष इथवर आले आहे, अमुक वर्षांनी तिथवर जाईल आणि तुमची वस्ती हिरव्यात आहे. मागच्या रांगेतून एखादी बाई उठते आणि म्हणते, 'अहो, पण आमच्या हापशाच्या पाण्याला आत्ताच वास येतो.' साहेब समजुतीने हसतात. 'बाई, हे संगणकाने काढलेले आहे.' तिथे बोलणे संपते.

ते तिथे संपू नये, म्हणून हा लेख. कारखान्याच्या घाणीने नासलेली जमीन आणि तिच्याखालचे पाणी कसे स्वच्छ करायचे, किती वर्षांत, किती खर्चात, याचे निर्णय आज जगभर अशा संगणकी मॉडेलांच्या आधाराने होतात. ही मॉडेले समजून घेणे हे आपले काम नाही असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटते. मला वाटते ते आपलेच काम आहे. पाणी भरते बाई, त्या पाण्यात स्वयंपाक करते बाई, आणि गरोदरपणी ते पाणी जाते तिच्या पोटातल्या बाळापर्यंत. गणित चुकले तर किंमत नकाशा काढणारा देत नाही, ती देते.

भोपाळचे गणित

भोपाळ म्हटले की आपल्याला २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. पण भोपाळमध्ये दोन दुर्घटना झाल्या. एक हवेतली, एका रात्रीतली. दुसरी जमिनीखालची, सावकाश, अजून चालू असलेली. युनियन कार्बाईडच्या कारखान्यात १९६९ पासून कीटकनाशकांचे काम चालू होते. रासायनिक कचरा कारखान्याच्या आवारातच खड्ड्यांत टाकला जाई. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला मोठी तळी बांधली. विषारी सांडपाणी त्यांत सोडायचे आणि उन्हाने आटू द्यायचे. या तळ्यांना गळती लागली आहे हे १९८२ साली कंपनीला ठाऊक होते. १९८९ मध्ये कंपनीने आवारातल्या माती-पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्या पाण्यात सोडलेले मासे मेले. ही माहिती वस्तीतल्या बायकांना कुणी दिली नाही. त्या हापशावर घागरी भरत राहिल्या.

आता तारखा नीट पाहा. १९९६ च्या शेवटी मध्य प्रदेश शासनाच्याच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याच्या प्रयोगशाळेने कारखान्याजवळच्या विहिरी आणि विंधण विहिरींचे पाणी तपासले. त्यात रसायने आहेत, ती कारखान्यातली आहेत आणि आरोग्याला घातक आहेत, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, आपल्या नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा अहवाल आला. कारखान्याच्या जागेखालची चिकणमाती पाणी फार सावकाश झिरपू देते, असे धरून त्यात हिशेब मांडला होता. अगदी वाईटात वाईट धरले तरी विष भूजलापर्यंत पोचायला २३ वर्षे लागतील, असे त्याचे उत्तर होते.

म्हणजे विष पाण्यात सापडल्यानंतर ते पाण्यात यायला तेवीस वर्षे लागतील असे सांगणारा हिशेब तयार झाला. तो संगणकावर केला की कागदावर, हा प्रश्न गौण आहे. जमीन अशी आहे, पाणी असे वाहते असे गृहीत धरून भविष्य सांगायचे, म्हणजेच मॉडेल.

गोष्ट इथे थांबत नाही. भोपाळच्या स्त्री-पुरुषांनी १९९९ पासून न्यूयॉर्कच्या न्यायालयात कार्बाईडविरुद्ध दावे चालवले. ते दावे शेवटी फेटाळले गेले, पण त्यांच्या निमित्ताने कंपनीची कपाटे उघडावी लागली. त्या कागदांवरून कळले, की आर्थर डी. लिटल ही कार्बाईडचीच सल्लागार संस्था, आणि तिनेच नीरीच्या आकड्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. वाईटात वाईट स्थिती धरली तर हा काळ २ वर्षांइतकाही कमी असू शकतो, असे तिचे म्हणणे. कंपनीच्या फायलीत दोन वर्षे आणि लोकांसमोर तेवीस! १९९८ मध्ये ती जागा राज्य सरकारच्या ताब्यात गेली. १९९९ मध्ये ग्रीनपीसने घेतलेल्या नमुन्यांत कार्बन टेट्राक्लोराईड, क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझिन अशी रसायने सापडली. हापशांना लाल रंग फासण्यात आला. पण दुसरे पाणी नव्हते, तेव्हा बायका लाल हापशांवरच पाणी भरत होत्या. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या असा आदेश दिला. त्यानंतरही नळ दारात यायला बरीच वर्षे लागली आणि त्यासाठी बायकांना २००६ आणि २००८ साली भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत जावे लागले.

एक गणित चुकले तर काय होते, ते हे.

मॉडेलच्या पोटात काय असते

आता या मॉडेलची भीती घालवू या. त्याचे मूळ १८५६ सालचे आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने नळकांड्यात वाळू भरून तिच्यातून पाणी सोडले आणि ते किती वेगाने जाते हे मोजले. पाण्याचा उतार जास्त तर वेग जास्त. माती मोकळी तर वेग जास्त, चिकण तर कमी. हाच नियम आजही वापरतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने १९८० च्या दशकात 'मॉडफ्लो' नावाचा कार्यक्रम तयार केला, तो आज जगभर चालतो आणि फुकट मिळतो. जमिनीचे चौकोनी ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्याला माती कशी, पाणी किती, पाऊस किती मुरतो, विहिरी किती उपसतात हे आकडे द्यायचे. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात पाणी किती जाईल हे संगणक मोजत बसतो. पाण्याबरोबर विष कसे जाईल, मातीला किती चिकटेल, किती कुजेल, यासाठी वेगळा कार्यक्रम जोडतात.

संगणक बेरीज-वजाबाकीत चुकत नाही. प्रश्न असतो तो ठोकळ्यांत भरलेल्या आकड्यांचा. हे आकडे येतात कुठून? काही थोड्या ठिकाणी भोके पाडून मोजलेले असतात. उरलेले अंदाजाने भरतात.

याने किती फरक पडतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा पाच मीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे आणि त्यातून पाणी वर्षाला आठ सेंटिमीटर खाली उतरते. ५०० भागिले ८, म्हणजे बासष्ट वर्षे. आता तीच माती दहापट मोकळी निघाली, तर सहा वर्षे. मातीच्या बाबतीत दहापट फरक ही मोठी गोष्ट नाही. एकाच शेतात दोन ठिकाणी खणले तर तो सापडतो. आणि मातीला भेग असेल तर? काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या बाईला सांगायला नको. किंवा त्याच आवारात एखादी जुनी बोअर असेल, तिची कडा नीट भरलेली नसेल, तर विष वर्षांची वाट पाहत नाही, सरळ खाली जाते. नकाशावर मात मातीचा थर सलग, अखंड, तपकिरी रंगात दाखवलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे पसरत नाही. ते भेगांतून आणि सांध्यांतून वाट काढते. शेजारच्या दोन विहिरींत एक आटते आणि दुसरीला पाणी असते, ते म्हणूनच. अशा खडकाला वाळूच्या ठोकळ्यांसारखे धरून केलेले मॉडेल पाण्याचा एकूण साठा कदाचित बरा सांगेल. विष कुणाच्या विहिरीत आणि कधी जाईल, हे सांगताना ते हमखास फसू शकते.

जुळले म्हणजे खरे ठरले?

बैठकीत आपल्याला सांगतात, 'मॉडेल कॅलिब्रेट केले आहे.' याचा अर्थ इतकाच, की विहिरींतल्या पाण्याच्या मोजलेल्या पातळ्यांशी उत्तर जुळेपर्यंत आतले आकडे कमीजास्त केले आहेत. पण वेगवेगळे आकडे भरूनही तीच पातळी जुळवता येते. मीठ कमी म्हणून आमटी बेचव की आंबट जास्त म्हणून, हे नुसत्या चवीवरून सांगता येत नाही, तसेच हे. आणि पाण्याची पातळी जुळली म्हणून विषाची वाट जुळली असे होत नाही.

हे माझे मत नव्हे. लिओनार्ड कोनिकॉ आणि जॉन ब्रेडेहोफ्ट या अमेरिकेतल्या दोन नामवंत भूजलतज्ज्ञांनी १९९२ मध्ये स्पष्ट लिहिले, की भूजलाचे मॉडेल खरे आहे असे सिद्ध करता येत नाही. ते चुकीचे आहे एवढेच सिद्ध करता येते. १९९४ मध्ये नेओमी ओरेस्केस या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हाच मुद्दा सगळ्या भूविज्ञानाच्या मॉडेलांबद्दल मांडला. कोनिकॉ यांनी ॲरिझोनातल्या एका जुन्या भाकिताची मागाहून तपासणीही केली होती. ते मॉडेल चाळीस वर्षांच्या नोंदींशी जुळवलेले होते. तरी पुढच्या दहा वर्षांचे भाकीत चुकले. एक कारण असे, की लोक पाण्याचा उपसा पूर्वीच्याच चालीने करत राहतील असे धरले होते, आणि तसे घडले नाही.

तज्ज्ञ आपसात जे कबूल करतात ते बैठकीत आपल्याला सांगत नाहीत, इतकीच तक्रार आहे.

मग मॉडेल नकोच का?

आपल्या काही मैत्रिणी म्हणतील, हे सारे भांडवलदारांचे ढोंग आहे, फेकून द्या. मला हे पटत नाही. मॉडेल बायकांच्या बाजूनेही उभे राहिलेले आहे.

अमेरिकेतल्या वोबर्न गावात ॲन अँडरसनच्या मुलाला १९७२ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. आजूबाजूच्या घरांतही अशीच मुले आजारी आहेत हे तिच्या लक्षात आले. पाण्यात काहीतरी आहे असे ती सांगत राहिली. तिच्याकडे दुःखाने भ्रमिष्ट झालेली आई म्हणून पाहिले गेले. १९७९ मध्ये गावाच्या दोन विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन हे रसायन सापडले आणि त्या बंद झाल्या. आठ कुटुंबे न्यायालयात गेली. १९८६ च्या खटल्यात सारा वाद आला तो कुठल्या कारखान्याचे विष कुठल्या महिन्यात विहिरीत पोचले यावर. ज्यूरीतल्या सामान्य माणसांना या प्रश्नांची सुसंगत उत्तरे देता आली नाहीत. न्यायाधीशांनी नव्याने खटला चालवायला सांगितले आणि शेवटी एका कंपनीने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पण पुढे मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य खात्याने आणखी एक काम केले. त्या दोन विहिरींचे पाणी नळांतून कुठल्या घरात, कुठल्या महिन्यात, किती गेले, याचे मॉडेल वापरून मुलांच्या आजाराशी पडताळा घेतला. १९९७ च्या अहवालात दिसले, की गरोदरपणी हे पाणी जितके जास्त प्यायले गेले तितका मुलाला धोका वाढला. आई जे पंचवीस वर्षांपूर्वी म्हणत होती, ते मॉडेलने उचलून धरले.

दुसरे उदाहरण कॅम्प लेजून या अमेरिकी नौसैनिक तळाचे. तिथल्या घरांना पुरवलेल्या पाण्याची तपासणी झाली ती १९८० च्या दशकात. त्याआधी कित्येक वर्षे तिथे राहिलेल्या बायकांनी काय प्यायले? सरकारी शास्त्रज्ञांनी मॉडेल उलटे चालवून २००७ मध्ये सांगितले, की टारावा टेरेस या वसाहतीच्या पाण्यात कपडे धुण्याच्या दुकानातले रसायन नोव्हेंबर १९५७ पासून मर्यादेबाहेर होते. २००९ मध्ये एका राष्ट्रीय समितीने या मार्गाने पक्के उत्तर मिळणार नाही असा आक्षेप घेतला. तो शास्त्रीय आक्षेप म्हणून चुकीचा नव्हता. पण पीडित कुटुंबे हटली नाहीत. २०१२ मध्ये उपचारांचा आणि २०२२ मध्ये दावा लावण्याचा हक्क देणारे कायदे झाले.

तेव्हा प्रश्न मॉडेल हवे की नको हा नाही. ते कुणाच्या हातात आहे, कुणाच्या नोंदी त्यात भरल्या आहेत, आणि ते चुकले तर भोगायचे कुणी, हा आहे.

संशयाचा फायदा कुणाला?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. कुठलेही मॉडेल दोन तऱ्हांनी चुकू शकते. विष नसताना आहे म्हणेल किंवा असताना नाही म्हणेल. पहिली चूक झाली तर थोडे पैसे वाया जातात, नळ लवकर येतो. दुसरी चूक झाली तर बायका-मुले विष पितात. या दोन चुका सारख्या नाहीत. तरीही आपल्याकडे पुरावा पक्का नाही तोवर पाणी चांगले असे धरले जाते. कारखान्याला संशयाचा फायदा मिळतो, हापशावरच्या बाईला मिळत नाही. हे उलटे झाले पाहिजे. मॉडेल दोन ते तेवीस वर्षे म्हणत असेल, तर पाण्याची सोय दोन वर्षे धरून केली पाहिजे. आणि मोजलेले पाणी व मॉडेल यांत विरोध असेल, तर मोजलेले पाणी खरे.

हाच नियम साफसफाईलाही लावायला हवा. पाणी उपसून, शुद्ध करून परत सोडायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. मॉडेल म्हणते दहा-वीस वर्षांत पाणी स्वच्छ. पण पाण्यापेक्षा जड अशी काही रसायने तळाशी, भेगांत जाऊन बसतात आणि कितीही उपसले तरी हळूहळू सुटत राहतात. पंप बंद केला की विष पुन्हा वर येते. म्हणून काम संपले असे मॉडेलवरून ठरवता कामा नये. पंप थांबल्यानंतरची कित्येक वर्षांची तपासणी झाली पाहिजे.

बैठकीत काय विचारायचे

यासाठी पदवी लागत नाही. हे प्रश्न लिहून न्या :

१. जमिनीत किती ठिकाणी भोके पाडून मोजमाप केले? आमच्या वस्तीत किती?

२. कुठले आकडे मोजलेले आणि कुठले पुस्तकातून घेतलेले, याची यादी द्या.

३. नमुने कुठल्या ऋतूत घेतले? पावसाळ्यात पाणी वर येते, उन्हाळ्यात खोल जाते. दोन्ही पाहिले का?

४. जुन्या बोअर, बुजवलेले आड, गटारे, कचऱ्याचे खड्डे नकाशात घेतले का?

५. आकडे दहापट बदलले तर उत्तर किती बदलते? एक उत्तर नको, कमीत कमी आणि जास्तीत जास्त सांगा.

६. मागच्या अहवालाचे भाकीत आज ताडून पाहिले का? ते खरे निघाले का?

७. पैसे कुणी दिले? आणि मॉडेलच्या मूळ फायली दुसऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाला द्याल का?

पाचव्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर समजावे, की मॉडेल अजून अर्धेच झालेले आहे.

आणि नुसते प्रश्न नकोत, आपल्या नोंदीही हव्यात. हापशाला मीटर नसतो. कुठल्या हापशावर किती घरे भरतात, कुठला कुठल्या वर्षी बंद पडला, पाण्यावर तवंग कधीपासून, डाळ शिजेनाशी कधी झाली, वास पावसाआधी येतो की नंतर, हे बायकांनाच ठाऊक असते. हे सारे वहीत तारखेनिशी लिहिले की त्याला तज्ज्ञांच्या भाषेत 'डेटा' म्हणतात. न लिहिले तर त्याला 'बायकांचे बोलणे' म्हणतात. बचत गटाच्या वहीत दर महिन्याला चार ओळी लिहिणे कुठल्याही गटाला जमेल.

हे आत्ताच का

कारण हा विषय आपल्या दारात आला आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तीत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही नावे होती. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदाच लागू केले. अशा जागा शोधणे, तपासणे, जबाबदार कोण ते ठरवणे आणि साफसफाईचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे, असा त्यांचा गाभा आहे. नियम झाले हे चांगलेच. पण याचा अर्थ आता गावोगाव अहवाल येतील, आणि प्रत्येक अहवालात एक रंगीत नकाशा असेल. लाल रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर कुणाला टँकर, कुणाला नळ, कुणाला भरपाई हे ठरेल. अहवाल मराठीत असावा, तो ग्रामसभेत आणि वस्तीत वाचून दाखवावा, आणि वस्तीतल्या बायकांच्या नोंदी जोडल्याशिवाय तो पुरा मानू नये, ही मागणी आपण आत्तापासून लावून धरली पाहिजे.

भोपाळमध्ये २०२५ साली कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळला आणि प्रश्न मिटल्याची भाषा सुरू झाली. पण जमिनीच्या वरचा कचरा म्हणजे प्रश्नाचा लहानसा तुकडा. आवारातली विषारी माती सुमारे ११ लाख टन असेल, असा अंदाज २०१० मध्ये नीरीनेच दिला होता. तिच्यातून पाणी अजून झिरपते आहे.

१९९७ चा तेवीस वर्षांचा हिशेब धरला, तर ती मुदत २०२० मध्ये संपली. त्या वर्षापर्यंत भूजल स्वच्छ राहायला हवे होते. प्रत्यक्षात तोवर त्या वस्त्यांतल्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या होत्या. तेवीस हा आकडा कुठून आला, हे १९९७ मध्येच त्यांच्या आयांना कुणी विचारू दिले असते तर? पुढच्या बैठकीत अंधार झाला की पहिल्यांदा दिवा लावायला सांगा. मग वही उघडा.